रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका

वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

गेल्या महिन्यात या पानावर मी किडलेल्या दाढेबद्दल लिहिलं होतं. उत्तरादाखल आलेली पत्रं मात्र बहुतेक हिरड्यांची निघाली. कऱ्हाडला माझ्या दवाखान्यातही हेच होतं. ठणकणाऱ्या दाढेसाठी माणूस येतो, खुर्चीत बसतो, 'आ' करतो, आणि मला दाढेपेक्षा तिच्या आजूबाजूच्या हिरड्यांची काळजी वाटू लागते. सव्वीस वर्षं मी हिरड्यांचंच काम करते आहे. दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून तिची दखल घेतली जाते. हिरडीचा आजार वर्षानुवर्षं दुखत नाही आणि दात हातात येईपर्यंत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या वेळची सगळी जागा हिरड्यांना देते. पत्रं थोडी लहान केली आहेत, नावं गाळली आहेत.

दात घासताना वर्षभर रक्त येतंय. ब्रश लागत असेल म्हणून खालच्या पुढच्या दातांना ब्रश लावणं सोडलं, तिथे नुसती बोटाने पेस्ट फिरवते. औषधाच्या दुकानातून माउथवॉश आणलं, चार महिने रोज वापरते. आता रक्त वाढलंय आणि दातांवर तपकिरी डागही पडलेत. डाग कशाने जातील?
(गृहिणी, वय ३९, बार्शी)

ताई, तुम्ही डागांचं विचारलंत, पण मी आधी रक्ताचं बोलते.

चांगल्या हिरडीतून साध्या मऊ ब्रशने रक्त येत नाही. पेरूला दात लावल्यावर पांढऱ्या गरावर लाल खूण उमटते का, हे मी प्रत्येकाला विचारते. उमटत असेल तर हिरडी सुजलेली आहे, आणि ती सुजली आहे ती ब्रश लागल्यामुळे नाही, ब्रश न पोचल्यामुळे. सकाळी उठल्याउठल्या दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना, तो नुसता अन्नाचा मळ नसतो. ते जिवंत जंतू असतात, एकमेकांना चिकटून थर करून राहिलेले. १६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक नावाच्या कापडवाल्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा मळ आपणच घासलेल्या भिंगाखाली धरला, तेव्हा त्यातले जीव त्याला वळवळताना दिसले. आज माझ्या पेशंटला मी त्याच्या नखाएवढा थर काढून दाखवते, तेव्हा चेहऱ्यावर तेच आश्चर्य असतं.

हा थर हिरडीच्या कडेला राहिला की काय होतं, हे डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं मुद्दाम थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही. शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा वाटलं होतं की ही गोष्ट शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवली पाहिजे. आजही तसंच वाटतं.

तुमच्याकडे याच्या उलटं चाललंय. रक्त आलं म्हणून ब्रश थांबला, ब्रश थांबला म्हणून थर वाढला, थर वाढला म्हणून रक्त वाढलं. त्यातून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेतले क्षार बसून तिथे थराचा दगड फार लवकर होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. काही दिवसांतच ते धरायला लागतं, आणि एकदा धरलं की ब्रशने, मिठाने, लिंबाने निघत नाही. लिंबू तर घासूच नका, त्याने दाताचं वरचं कवच झिजतं. किटण डॉक्टरकडेच काढावं लागतं.

आता डाग. बाटलीवर 'क्लोरहेक्झिडीन' लिहिलंय का, पाहा. बहुधा असेल. औषध चांगलं आहे, मीही लिहून देते, पण सहसा दोन आठवड्यांसाठी. त्यापुढे दातांवर, जिभेवर तपकिरी डाग धरतात आणि जेवणाची चव बदलते. शिवाय घट्ट बसलेल्या थराच्या आत ते पोचत नाही. आधी थर मोडायला हवा. डॉक्टर किटण काढतील, तेव्हा हे डागही त्याबरोबर निघतील. त्याची चिंता सोडा.

घासायचं कसं, तेवढं नीट सांगते, कारण आपल्याकडे दात घासणं म्हणजे करवत चालवणं असा समज आहे. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. त्याचे केस दातावर सरळ न ठेवता दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवा, निम्मे दातावर, निम्मे हिरडीवर. खालच्या दातांना ब्रश खाली झुकलेला, वरच्यांना वर. मग जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून बाहेर काढा. दोन-दोन दात घेत पुढे सरका. सगळं तोंड व्हायला दोन मिनिटं पुरतात. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा लागतो. रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुष्कळ झाली.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल. येऊ द्या, थांबू नका. किटण काढून, नीट घासूनही दोन-तीन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही, किंवा अंगावर आपोआप काळेनिळे डाग, वारंवार ताप, खूप थकवा असं काही सोबत असेल, तर त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी करून घ्या. क्वचित रक्ताचे आजार आधी हिरडीत दिसतात.

डॉक्टरांनी मशीनने दात साफ केले आणि त्यानंतर दात हलायला लागले, मधे फटी पडल्या. आधी चांगले घट्ट होते. मशीनने दात सैल होतात हे ऐकलं होतं, ते खरंच निघालं.
(निवृत्त बँक कर्मचारी, वय ६३, इंदूर)

काका, तुमचा राग मला कळतो. माझ्याकडे अशा रागाने आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तुमचे दात मशीनने सैल केलेले नाहीत.

ते मशीन म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यासकट अतिवेगाने थरथरणारं बोथट टोक. नीट चालवलं तर ते किटण उडवतं, दात कापत नाही. तुमच्या बाबतीत बरीच वर्षं हिरडीखालचं हाड झिजत आलेलं होतं. दातांच्या मधल्या जागा किटणाने भरून गेल्या होत्या आणि त्या दगडाने शेजारशेजारचे दात एकमेकांना बांधून ठेवले होते. पडक्या भिंतीला माती साचून आधार व्हावा, तसं. किटण निघालं, सूजही उतरली, आणि आधीच मोकळं झालेलं उघड दिसलं. सूज उतरल्यामुळे हिरडी थोडी मागे सरकते, मुळांचा भाग उघडा पडतो, गार पाणी काही आठवडे शिवशिवतं. ते बहुधा आपोआप कमी होतं.

मात्र एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांनी आधी करायला हवी होती असं मला वाटतं. तुमच्या हातात आरसा देऊन, एक्स-रे उजेडासमोर धरून, 'हाड इथपर्यंत असायला हवं होतं, ते इथपर्यंत खाली गेलंय' हे दाखवायला हवं होतं. हे न दाखवता किटण काढलं की पेशंट आयुष्यभर मशीनला दोष देतो आणि पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढत नाही. तुम्ही कृपा करून तसं करू नका. दात किती हलतात ते तपासून घ्या. थोडे हलणारे दात सूज गेल्यावर काही वेळा बरेच घट्ट होतात, गरज पडली तर बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधताही येतात.

आमच्या आजोबांनी आयुष्यात ब्रश पाहिला नाही. बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी चावायचे. ८८ व्या वर्षी ऊस दाताने सोलून खायचे. मी दोन वेळा ब्रश करतो आणि ३१ व्या वर्षी माझी हिरडी सुजते. मग ब्रशचं कौतुक कशाला?
(शेतकरी, वाई तालुका)

प्रश्न आवडला. याचं उत्तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेत आहे. वर ज्या हॅराल्ड लो यांचं नाव आलं, त्यांनीच १९७० पासून तिथल्या चहाच्या मळ्यातल्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या पंधरा वर्षं पुन्हापुन्हा तपासल्या. या माणसांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांना किटण. तरी शेकडा ११ जणांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. शेकडा ८१ जणांचं हाड हळूहळू झिजत गेलं. उरलेल्या शेकडा ८ जणांचं इतक्या झपाट्याने की ऐन चाळिशीत तोंडातले बरेच दात गेले.

तुमचे आजोबा त्या अकरातले असावेत. काडीनेही काम केलं असणार, नाही असं मी म्हणत नाही. काडी चावून तिचा कुंचला करून शांतपणे दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर बसून घासणं, हे आपल्या घाईच्या ब्रशपेक्षा कितीतरी बरं. पण काडी दाढांच्या आतल्या बाजूला आणि दोन दातांच्या फटीत पोचत नाही. आजोबांबरोबरची, त्यांच्याच वयाची, तीच काडी चावणारी आणि पन्नाशीत बोळकी झालेली माणसं तुमच्या गावात असतीलच. घरात त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, इतकंच.

शरीराची घडण आजोबांकडून नातवाकडे येतेच असं नाही. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाचे दात लवकर गेले असतील तर तुम्ही अधिक जपायला हवं. तुमच्या पत्रात तंबाखूचा उल्लेख नाही. खात असाल तर आधी ती. खात नसाल तर दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आणा, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं तसा असतो. रोज रात्री एकदा. सुजेची सुरुवात जवळजवळ नेहमी फटीत होते, आणि तिथे साधा ब्रश कितीही वेळा फिरवला तरी जात नाही.

एसटीत चालक आहे. शुगर अकरा वर्षांपासून, तीन महिन्यांची सरासरी ९.१. बीपीची गोळीही आहे. दोन दाढा हलतात, हिरडीतून पू येतो. शुगरचे डॉक्टर म्हणतात दात दाखवा, दातांचे म्हणाले आधी शुगर कमी करून या. मी कुणाचं ऐकू?
(वय ५४, जालना)

दोघांचंही, आणि एकाच वेळी. तुमच्या पत्राने मला वाईट वाटलं, कारण या दोन दवाखान्यांच्या मधल्या फेऱ्यांतच माणसाची वर्षं जातात.

साखर जास्त असली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम लवकर भरत नाही, हिरडीचा आजार वेगाने हाड खातो. हे बहुतेकांना माहीत असतं. याच्या उलटची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. सगळ्या दातांभोवतीची सुजलेली, पू धरलेली हिरडी एकत्र केली तर ती तळहाताएवढी उघडी जखम होऊ शकते. एवढी जखम हातावर असती तर कुणी थांबलं नसतं. तिथली सूज रक्तात उतरते आणि इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते. हिरड्यांचे उपचार नीट झाल्यावर तीन-चार महिन्यांत ती सरासरी साधारण ०.४ ने उतरते असं अनेक अभ्यासांतून दिसलंय. ९.१ चं ८.७ होणं कमी वाटेल, पण तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना विचारा, एका वाढीव गोळीनेही काही वेळा एवढाच फरक पडतो.

दात काढणं किंवा हिरडीची शस्त्रक्रिया साखर आटोक्यात येईपर्यंत थांबू शकते. किटण काढणं, हिरडीखालची मुळं साफ करणं थांबवायचं कारण नाही. सकाळची वेळ घ्या, न्याहारी करून आणि नेहमीची गोळी घेऊन जा, उपाशीपोटी जाऊ नका. आणि रात्रपाळीची गाडी लावून थेट खुर्चीत येऊन बसू नका, एक झोप घेऊन या.

डॉक्टर एक बारीक सळई घेऊन दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत घालतील. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. सदऱ्याची कॉलर मानेला बसते, तशी हिरडी दाताला बसते. चांगल्या हिरडीत सळई एक ते तीन मिलिमीटर आत जाते. आजारी हिरडीत चार, पाच, सात. मी प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजते आणि मदतनीस मुलगी आकडे लिहून घेते. 'तीन, दोन, तीन, पाच, सहा, पाच' असं ऐकता ऐकता पेशंटच मान वळवून विचारतो, सहा म्हणजे वाईट का? हो, वाईट. तुमचे आकडे तुम्ही मागून घ्या आणि कागद जपून ठेवा, जसा साखरेचा रिपोर्ट ठेवता. साफ केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगा. आकडा उतरला की नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं, आणि ५४ व्या वर्षी उरलेलं पुष्कळ असतं.

बीपीच्या गोळीचं नाव लिहिलं नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन असेल आणि हिरड्या गाठीगाठींनी दातांवर चढलेल्या दिसत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. काहींना त्या गोळीने हिरडी वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका. बदलायची का, ते देणारे डॉक्टर ठरवतील.

पाचवा महिना चालू आहे. पुढच्या दोन दातांच्या मधे लाल गाठ आलीय, हात लागला तरी रक्त येतं. सासूबाई म्हणतात बाळंत होईपर्यंत दातांना हात लावायचा नाही. 'एका बाळंतपणात एक दात जातोच' असंही म्हणतात.
(वय २६, चिपळूण)

बाळ, घाबरू नकोस. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात आणि हिरडी थोड्याशा थरालाही फार चिडते. ही गाठ बहुतेक त्यातलीच आहे. कॅन्सर नाही, आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप बसते. तरी एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ दे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी खरी आहे, पण चौथा, पाचवा, सहावा महिना हा किटण काढून घ्यायला सगळ्यात सोयीचा काळ आहे. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत उताणं पडवत नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या दातांतून निघत नाही, ते आहारातून आणि हाडांतून जातं. बाळंतपणात दात गेले ते हिरड्या सुजल्या आणि कुणी हात लावू दिला नाही म्हणून.

उलटी झाली की लगेच ब्रश करू नकोस, पोटातल्या आम्लाने दात मऊ झालेले असतात. साध्या पाण्याने चुळा भर, अर्ध्या तासाने घास. डॉक्टरांकडे गेल्यावर कितवा महिना आहे ते पहिल्या वाक्यात सांग.

हिरड्यांचे उपचार खर्चिक आहेत. मिठाच्या गुळण्या, लवंगेचं तेल, तेलाची चूळ यावर भागेल का?
(वय ४५, पेडणे, गोवा)

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरली की सुजेला आराम पडतो. जरूर भरा. तेलाच्या चुळेने नुकसान नाही. लवंगेचं तेल मात्र हिरडीवर नेमाने लावू नका, त्याने हिरडी भाजते, पांढरी चट्टे पडलेली हिरडी मी पाहिली आहे. विटेची भुकटी, कोळसा, राखुंडी यांनी दात झिजतात. आणि यातल्या कशानेही किटण निघत नाही.

खर्चाचं म्हणाल तर बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, ते तुम्हाला जवळ. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, खर्च खासगीच्या मानाने फार कमी येतो. शिकणारी मुलं काम करतात म्हणून लोक बिचकतात. मी अशाच एका विभागात शिकले. शिकणारी मुलगी एका दातावर जेवढा वेळ देते तेवढा भरलेल्या दवाखान्यात मलाही देता येत नाही, आणि तिच्या पाठीशी शिक्षक उभे असतात. वेळ जातो, तेवढा धरून जा.

आई पाटण तालुक्यात गावी असते. वय ५८. पंचवीस-तीस वर्षं मशेरी लावते, दिवसातून चार-पाच वेळा. 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' म्हणते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, दुखत नाही, पण दात लांब झाल्यासारखे दिसतात. परवा खालचा एक दात भाकरी खाताना पडला, किडलेला नव्हता. ती म्हणते, वय झालं. मी पुण्यातून काय करू?
(नोकरी, वय ३२, पुणे)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आत्या मशेरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजल्याचा तो वास, ठसका आणि डबीत भरलेली काळी पूड, हे माझ्या लहानपणीच्या सकाळींचा भाग होतं. मी दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आत्याचा दात असाच भाकरीत आला. तिने तो पदराच्या टोकात बांधून ठेवला होता, मी सुट्टीला गेल्यावर दाखवायला. पांढराशुभ्र, अखंड दात. कुठे कीड नाही. मी तो हातात घेऊन बसले होते आणि मला कळत नव्हतं की चांगला दात पडतोच कसा. पुढे हिरड्यांचा विषय घेतला तो त्या दातामुळे.

दात चांगला होता, त्याखालचं हाड गेलं होतं. तुझ्या आईचे दात लांब झालेले नाहीत, हिरडी आणि हाड खाली सरकून मुळं उघडी पडली आहेत. आणि रक्त येत नाही, हीच तिच्या बाबतीत फसवी गोष्ट आहे. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात. जी हिरडी लाल होऊन, रक्त येऊन सांगू शकली असती, ती फिकट, चिवट होऊन गप्प राहते. बार्शीच्या ताईंना वर्षभर रक्त दिसत होतं, तुझ्या आईला ती सूचनाही मिळाली नाही.

बायका हौसेने मशेरीला लागत नाहीत. कुणाची दाढ दुखली, कुणी बाळंतीण झाली, शेजारणीने सांगितलं बोटभर लाव, बधिर होतं. त्या काळात गावात डॉक्टर नव्हता, मशेरी होती. म्हणून आईवर चिडू नकोस. पोटाचं ती सांगते तेही खोटं नाही. निकोटिनने आतडं हलतं आणि तीस वर्षांत शरीराला तशी सवय लागते. सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे बद्धकोष्ठ होईल, डोकं दुखेल, चिडचिड होईल. हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती पहिल्या दिवशीच डबी उघडेल. सकाळी गरम पाणी, जेवणात पालेभाजी आणि सालासकट फळ, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून पोटाचं सौम्य औषध.

एकदम जमत नसेल तर आधी दुपारची मशेरी बंद करायची, मग संध्याकाळची. सकाळची सगळ्यात शेवटी. ज्या वेळची मशेरी सुटली त्या वेळी बोटाला दुसरं काम हवं असतं. बडीशेप, ओवा, लवंग, जे तिला रुचेल ते. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत. आधी तू बोल, मग आईला जोडून दे. माझ्या पेशंट बायकांमध्ये ज्यांची सुटली, त्यातल्या बहुतेकींची घरातली दुसरी कुणी तरी त्यांच्याबरोबर सोडत होती. जाऊ, नणंद, शेजारीण. गावी आईबरोबर मशेरी कोण लावतं, ते बघ आणि दोघींना एकत्र सांग.

या आठवड्याच्या शेवटी गावी जाशील तेव्हा खिडकीपाशी उजेडात आईचं तोंड बघ. खालचा ओठ पुढे ओढून आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा. जिथे ती बोट फिरवते तिथे पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं, किंवा तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं तोंड कमी उघडणं, यातलं एक जरी दिसलं तरी दिवाळीपर्यंत, सुगीपर्यंत असं काही थांबू नकोस. लगेच दाखव. हिरडीपेक्षा ते निकडीचं आहे.

काही दिसलं नाही तरी तिला डॉक्टरकडे आणच. पाटणहून कऱ्हाड लांब नाही, इथे दातांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, तुम्हाला सोयीचा जो असेल तो. पडलेला दात टाकला नसेल तर बरोबर आणायला सांग. तिला वाटत असेल की गेल्यागेल्या सगळे दात काढून कवळी बसवतील. पहिल्या दिवशी कुणी दात काढणार नाही, असं आधी डॉक्टरांना फोनवर विचारून तिला सांग. माझ्या खुर्चीत अशा आईला मी पहिल्या दिवशी आरसा हातात देते आणि उरलेले दात तिच्याकडूनच मोजून घेते.